घरभर दांड्या

परसूअण्णांच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच जरा थबकतो. नजर जाईल तिथं स्टीलची दांडी. बाहेरच्या पायऱ्यांच्या कडेला एक, चौकटीला एक, हॉलच्या भिंतीला थेट स्वयंपाकघरापर्यंत लांबच लांब एक, आणि न्हाणीत तर तीन. उभी, आडवी आणि तिरकी. या तिरक्या दांडीचा उपयोग काय, हे खुद्द अण्णांनाही धड सांगता येत नाही. दयानंदनं पाईप जरा जास्तीचा आणला होता आणि माल वाया घालवणं अण्णांच्या स्वभावात नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. गल्लीतली कानडी पोरं त्या घराला बसचं घर म्हणतात, आणि अण्णा बाहेर बसलेले दिसले की मुद्दाम तिकीट मागतात.

दयानंद हा अण्णांचा जुना चेला. निपाणीकडून बेंगळूरला आलेल्या अण्णांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात उभी हयात लेथ मशीनवर काढली, आणि हाताखाली जी पोरं तयार केली त्यातल्या दयानंदनं पुढं तिथंच स्वतःचं वर्कशॉप टाकलं. दोन वर्षांपूर्वी अण्णा न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरात धरायला दांड्या बसवून घ्या, असं डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं. बाजारात मिळणाऱ्या दांड्या अण्णांनी हातात घेऊन पाहिल्या, वाकवून पाहिल्या आणि नाक मुरडून परत ठेवल्या. मग दयानंदला बोलावणं गेलं. काठी टेकत, ओरडत, पुन्हापुन्हा माप घ्यायला लावत अण्णांनी सगळं घर सजवलं, आणि शेवटची दांडी बसली तेव्हा दुखणं निम्मं बरं झाल्यासारखे खूश झाले.

तेव्हापासून या घरात पडायचा मान एकट्या अण्णांचा. मुलगा अजिंक्य शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला होता आणि तिथंच नवव्या मजल्यावर राहत होता. संध्याकाळी त्याचा फोन आला की आईला पहिला प्रश्न ठरलेला, अण्णा बरे आहेत ना. मग न्हाणीत रबरी चप्पल घालतात का, गोळ्या वेळेवर घेतात का, एकटे पायऱ्या तर उतरत नाहीत ना. अण्णांच्या बायकोला, कस्तुरक्कांना, या सगळ्याची उत्तरं पाठ झाली होती. तुझं कसं चाललंय, असं त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्यांनाही त्यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. अण्णा म्हणजे घराची मोडकी बाजू आणि कस्तुरक्का ठणठणीत, अशी वाटणी सगळ्यांनी मनातल्या मनात करून टाकली होती.

अण्णांचं बाकी काही गेलं असेल, डोळा गेलेला नाही. लेथवर राबलेल्या माणसाला केसाएवढा फरक दिसतो आणि दिसला की खुपतो. त्या सकाळी चहाचा कप पुढं आला तेव्हा त्यांना कप दिसला नाही, काकणं दिसली. कस्तुरक्कांच्या डाव्या हातातली नेहमीचीच होती, वापरून रंग विटलेली. उजव्या हातातली करकरीत नवी, जरा जास्तच हिरवी. आणि कप स्टुलावर ठेवताना तो उजवा हात मध्येच थांबला, मग कप डाव्या हातानं खाली गेला.

काकणं भरलीस का, असं त्यांनी विचारलं. नळावर आपटून दोन वाढली, म्हणून भरून घेतली, असं उत्तर आलं. काकण फुटलं असं बाईमाणूस कधी म्हणत नाही, वाढलं म्हणते, हे अण्णांना ठाऊक होतं. पण दोन वाढली तर सगळा हात नव्यानं कशाला भरला, हे विचारेपर्यंत कस्तुरक्का दूध उतू जाईल म्हणून आत गेल्या. आत दूध तापत नव्हतंच, हेही अण्णांना ठाऊक होतं.

उत्तर आलं ते समोरच्या घरातून. दुपारी हेमलता अंगणातल्या कढीलिंबाच्या डहाळ्या द्यायला आल्या, फाटकाशीच उभ्या राहिल्या आणि कानडीत सहज चौकशी केली, अक्कांच्या कोपराची सूज उतरली का. अण्णांनी पेपर खाली घेतला. कसली सूज, असं विचारल्यावर हेमलतांच्या चेहऱ्यावरूनच कळलं की त्यांना गप्प राहायला सांगितलेलं होतं. मग मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं. परवा सकाळी पायरीवर पाणी मारताना अक्कांचा पाय सरकला, त्या बादलीसकट खाली बसल्या, हेमलतांनी धावत जाऊन उठवलं. अज्जांना, म्हणजे अण्णांना, हाक मारते म्हटलं तर अक्कांनी हेमलतांच्या तोंडावर हात ठेवला. आणि ही पहिली वेळ नव्हती. गौरी-गणपतीच्या आधीही एकदा असंच झालं होतं.

अण्णांच्या मनात काहीही उठलं, भीती असो की माया, ते आधी रागाचा सदरा घालूनच बाहेर येतं. हेमलता रस्ता ओलांडून घरात गेल्या न गेल्या तोच त्यांनी हाक मारली, पदर वर घे म्हणाले, कोपर दाखव. कस्तुरक्कांनी दाखवलं. कोपरापासून खाली जांभळं-काळं पडलं होतं.

"कवा पडलीस?"

"पडले न्हाई. बसले."

"दोनदा बसलीस व्हय?"

कस्तुरक्कांनी पदर सारखा केला. "तुमी हे अजिंक्यला सांगू नगा," त्या म्हणाल्या. "एवढं ऐका माझं."

का सांगायचं नाही, ते दोघांनाही वेगळं बोलायची गरज नव्हती. अण्णांच्या ऑपरेशनपासून अजिंक्य मागं लागला होता, तुमच्या दासरहळ्ळीच्या घराला कुलूप घाला आणि माझ्याकडे या. तिथं लिफ्ट होती, खाली बाग होती, सगळं काही होतं. पण कस्तुरक्का चार दिवस राहून आल्या तेव्हा त्यांना तिथं घराचा दरवाजाच सापडला नव्हता, म्हणजे त्यांच्या मते दरवाजा. एकसारख्या दारांची लांबलचक गल्ली, तीही छताखाली, समोरचं दार कायम बंद. पाणी मारावं अशी पायरी नाही, रांगोळी घालावी अशी जमीन नाही. बेंगळूरच्या या जुन्या गल्लीत उजाडता उजाडता प्रत्येक दारात खराटा फिरतो, पाणी पडतं, बायका वाकलेल्या कंबरेनंच एकमेकींशी गप्पा मारतात. कस्तुरक्कांचं कानडी त्या पायरीवरच पिकलं होतं. ती पायरी सुटली की आपण नुसते बसून राहू, असं त्यांना वाटायचं.

अण्णांना मात्र त्या घडीला घर सुचत नव्हतं, अजिंक्यही सुचत नव्हता. आपण न्हाणीत पडलो होतो तो दिवस त्यांना आठवत होता. हेमलतांचे यजमान येईपर्यंत कस्तुरक्का ओल्या फरशीवर बसून राहिल्या होत्या, त्यांचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांच्या निम्म्या वजनाची बाई, तरी तिनं तेवढं केलं. उद्या ती तिथं पडली तर अण्णांना खाली वाकताही येणार नव्हतं. ते काठी धरून नुसते उभे राहणार होते. पण तोंडातून आलं ते भलतंच. उद्यापासून पाणी मारणं बंद आणि रांगोळी बंद, असं त्यांनी जाहीर केलं. घराचं तोंड न धुता दिवस काढायचा का, असं विचारून कस्तुरक्का कढीलिंब निवडायला बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बादली वाजलीच.

अण्णांना व्यायाम शिकवायला कावेरी नावाची मुलगी यायची. फिजिओथेरपीचं शिकलेली, मंड्या गावाकडची, गोड बोलून दम काढणारी. ती आली तेव्हा अण्णा हाताची घडी घालून खुर्चीत बसले होते. आज माझं राहू दे, अज्जीला तपास, असं त्यांनी सांगितलं. कावेरी आधी हसली, मग अण्णांचा चेहरा बघून तिनं पिशवी बाजूला ठेवली.

कस्तुरक्कांना मुलगी बघायला आल्यासारखी लाज वाटली. पदर खोचून त्या खुर्चीत बसल्या. हातांचा आधार न घेता उठा, असं कावेरीनं सांगितलं, तर पहिल्या खेपेला त्या उठल्याच नाहीत. नंतर उठल्या, पण पुढं झोक जाऊन. भिंतीपर्यंत जाऊन वळून यायला सांगितलं तेव्हा वळताना पाय पायात आला. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावून उभं राहायचं होतं, तिथं त्या डुलल्या आणि कावेरीनं चटकन दंड धरला. स्वल्प निधान अज्जी, असं ती म्हणत राहिली, जरा सावकाश. अण्णा खुर्चीतून हे सगळं बघत होते. एवढी वर्षं ही बाई त्यांच्या समोर चालत होती, आणि ती कशी चालते हे त्यांनी आज पाहिलं.

मग कावेरीनं त्यांना रोज सकाळी जसं करता तसं पायरीवर करून दाखवायला सांगितलं. कस्तुरक्का रिकामी बादली घेऊन निघाल्या. हॉलच्या भिंतीला एवढी लांब दांडी, पण त्या तिच्यापासून वीतभर लांबूनच चालल्या. पायऱ्यांवर त्यांनी भिंतीला तळवा टेकला, दांडीला नाही. दांडी धरा की, असं कावेरी म्हणाली तेव्हा त्यांनी दोन बोटं लावली, मनगट बाजूला काढून. तरीही हात खांद्याच्या वर गेला. ही दांडी अज्जांच्या उंचीची आहे, अज्जींना तिचा काय उपयोग, असं कावेरीनं कानडीत सरळ विचारलं. अण्णांचे कान गरम झाले. घरातल्या प्रत्येक दांडीचं माप त्यांनी स्वतःच्या कोपरावरून घेतलं होतं. घरात राहणारं दुसरं माणूस कोपरभर बुटकं आहे, हे मापात आलंच नव्हतं.

पण उंची राहू दे बाजूला. न्हाणीतली आडवी दांडी कुणालाही पोचेल अशी होती, तिलाही कस्तुरक्का हात लावत नव्हत्या. कावेरीनं खोदून विचारलं तेव्हा त्या ओशाळून म्हणाल्या, काकणं लागतात. स्टीलवर काच टिकत नाही. परवा पाय सरकला तेव्हा दांडी हाताशीच होती, पण काकणं आपटतील म्हणून त्यांनी हात मागं घेतला. मागं घेऊनही ती वाढलीच, असं त्या वर म्हणाल्या, जणू खरं नुकसान तेवढंच झालं होतं.

एवढं ऐकलं आणि अण्णांचा तोल गेला.

"काढून टाक ती काकणं," ते ओरडले. "हाडापरीस काचा जड झाल्या व्हय तुला?"

कावेरीला मराठी येत नव्हतं, तरी तिची मान खाली गेली. नवरा जिवंत असताना बायकोला काकणं काढायला सांगायचं, हे शब्द त्यांच्या घरात थट्टेतसुद्धा कुणी उच्चारले नव्हते. बादली जागेवर ठेवून कस्तुरक्का आत गेल्या. कावेरीनं अण्णांनाच व्यायाम समजावले, अज्जींचे डोळे तपासून घ्या, पायात झिजलेली चप्पल नको, आणि दोन्ही हातांत एकदम काही धरू देऊ नका, एक हात नेहमी मोकळा, असं सांगून ती निघून गेली.

दुपारचं जेवण मुकाट्यानं झालं. भाकरी ताटात पडत होती, वाढणारा हात दिसत होता, पण त्या हातामागचं माणूस अण्णांकडे बघत नव्हतं. माफी मागायची तर जन्मात सवय नाही, आणि मागायची तरी कोणत्या शब्दांत, ते कळेना. शेवटी त्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचलून मोरीपर्यंत नेलं, एका हातानं हॉलची दांडी धरत. त्यांच्या परीनं ती माफीच होती. कस्तुरक्कांना ती ओळखू आली असावी, कारण भांडी झाल्यावर त्या खुर्ची ओढून त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"तुमी न्हाणीत पडलासा त्या दिशी सकाळी," त्या म्हणाल्या, "पाणी काढताना माझं काकण नळावर आपटलं. तुकडे वेचून टाकले. म्हटलं, दुपारी जाऊन भरून येऊ. दुपार झालीच न्हाई. दवाखान्यात तुमास्नी आत नेलं तवा माझा हात तसाच हुता, एक काकण कमी. त्याच हातानं मी आपरेशनच्या कागदावर सही केली."

अण्णांची नजर त्यांच्या मनगटावर गेली.

"तवापासनं लोखंडाजवळ हात न्यायचा म्हटलं की हात मागंच येतो. मी आणत न्हाई, आपोआप येतो. येडेपणा हाय, मला कळतंय. पर तुमास्नी काय झालं तर?"

अण्णांच्या ओठावर उत्तर तयार होतं. आपण पडलो ते साबणाच्या पाण्यामुळं, गुळगुळीत फरशीमुळं, त्याचा काचेशी काय संबंध, हे ते कुणालाही पटवून देऊ शकले असते. पण तोंड उघडलं आणि त्यांना आपला लेथ आठवला. कारखान्यात असेपर्यंत मशीनला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय त्यांनी एकदाही बटण दाबलं नव्हतं. दरवर्षी दसऱ्याच्या आयुधपूजेला स्वतःच्या हातानं मशीनखाली लिंबू ठेवलं होतं. कधी बोट कापलं गेलं नाही ते आपल्या कसबानं, असं ते लोकांना सांगायचे, पण लिंबू चुकवायची हिंमत त्यांना झाली नव्हती. असा माणूस कुणाला कुठल्या तोंडानं शिकवणार? त्यांनी तोंड मिटलं.

आणि मग त्यांना फार वाईट वाटलं. दांड्यांनी भरलेल्या घरातून ही बाई दोन वर्षं एकाही दांडीला न शिवता वावरली होती. ते पडू नयेत म्हणून सगळं घर राबत होतं, आणि ते जगावेत म्हणून ती स्वतः पडत होती. अण्णांच्या मनात त्या वेळी जी माया दाटून आली तिला घालायला रागाचा सदरासुद्धा सापडला नाही. जुनी लुगडी आहेत का गं, एवढंच ते म्हणाले.

ट्रंकेतून दोन मऊ सुती लुगडी निघाली. कस्तुरक्कांनी पट्ट्या फाडल्या आणि अण्णांनी त्या दांड्यांवर गुंडाळल्या, घट्ट, एकावर एक अर्धी चढवत, टोकाला गाठ आत दाबून. उभ्यानं जमेना तिथं स्टुलावर बसून गुंडाळल्या. दयानंदला पुन्हा बोलावणं गेलं. या खेपेला माप कस्तुरक्कांच्या कोपरावरून घेतलं गेलं आणि पायऱ्यांना, हॉलला खालच्या अंगानं दुसरी दांडी आली. बाहेर पावसात कापड कुजेल म्हणून दयानंदनं तिथं सायकलच्या ट्यूबचं रबर चढवून दिलं. घराचं रूप आता आणखी विचित्र झालं, आणि गल्लीतली पोरं डबल डेकर म्हणायला लागली. बादली जाऊन तिच्या जागी छोटा चंबू आला, म्हणजे दुसरा हात मोकळा.

राहिलं अजिंक्यला सांगायचं. न सांगण्याचं वचन अण्णांनी दिलं नव्हतं, आणि लपवून ठेवलं की काय होतं हे ते बघून चुकले होते. सांगणार आहे, असं त्यांनी कस्तुरक्कांना आधी बजावलं आणि त्यांच्या समोरच फोन लावला. अजिंक्य रविवारी सकाळीच हजर झाला. आईचं कोपर हातात घेऊन तो बसला. मी रोज फोन करतो आणि रोज चुकीचं विचारतो, असं काहीसं तो म्हणाला. मग मात्र त्यानं विषय लावून धरला. आता बास, या महिन्यात शिफ्ट व्हायचं, आईला काही फ्रॅक्चर झालं तर अण्णा काय करणार आणि मी तिथून पोहोचणार कधी. त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून ते खोडताही येत नव्हतं.

शेवटी अण्णांनीच तोडगा काढला. एक संधी दे. सगळे उपाय केलेत, व्यायाम करतोय. ही पुन्हा एकदा जरी पडली तर कुलूप मी स्वतः लावीन आणि किल्ली तुझ्या हातात देईन. अजिंक्यनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला. तो गेल्यावर कस्तुरक्का अण्णांशी दिवसभर बोलल्या नाहीत. माझ्या पायावर माझं घर पणाला लावलं, असं त्या झोपताना भिंतीला म्हणाल्या.

पण सकाळी त्या ओट्याला धरून उभ्या होत्या. शेजारी अण्णा. दोघं टाचा उचलत होते, खाली टेकवत होते. अण्णा मोठ्यानं मोजायचे आणि कस्तुरक्का मधले आकडे गाळायच्या. खुर्चीतून हातांशिवाय उठणं आधी नकोसं व्हायचं, पुढं पुढं त्या अण्णांच्या आधी उठायला लागल्या आणि ते तोंडावर बोलून दाखवायलाही लागल्या. डोळे तपासून झाले, नवा चष्मा आला. पायात पकड असलेली चप्पल आली, ती त्यांना कुरूप वाटायची तरी घालायच्या. कावेरी खूश होती. तिला एकच गोष्ट खटकायची. अज्जी दांडी धरायच्या, पण आधी काकणं कोपराकडे सारायच्या, मग सावकाश मूठ वळवायच्या. कापड गुंडाळलेलं असूनही. पाय सरकायला एवढा वेळ लागत नाही, असं कावेरी अण्णांना हळूच सांगायची. अण्णांनाही ते दिसत होतं. पण एकदा जे बोलून बसले होते ते पुन्हा बोलायची त्यांची छाती नव्हती. ते रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे आणि पायरीवरचं सगळं उरकेपर्यंत पेपरातली एक ओळही वाचायचे नाहीत.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात रात्रभर पाऊस झाला. सकाळी पायऱ्या ओल्याच होत्या, तरी कस्तुरक्कांनी चंबूभर पाणी मारलंच, कारण आभाळातलं पाणी हे काही घरचं पाणी नव्हे. रांगोळी झाली. डाव्या हातात चंबू घेऊन त्या खालच्या पायरीवरून फाटक ओढून घ्यायला वळल्या, आणि अण्णांनी त्यांचा पाय सरकताना पाहिला.

दांडी मागं राहिली होती. जवळ होतं ते फाटक, पातळ सळ्यांचं, त्यावर ना कापड ना रबर. चंबू रस्त्यावर जाऊन वाजला. कस्तुरक्कांचा उजवा हात सरळ सुटला आणि सळीवर आवळला गेला, काकणं न सारता, काही न बघता. काच खळकन वाजली. फाटक त्यांच्या वजनानं करकरत बाहेर गेलं आणि अडलं. एक पाय वरच्या पायरीवर, एक खाली, कंबरेत वाकलेल्या अशा त्या सळीला धरून उभ्या राहिल्या. पडल्या नाहीत.

त्यांनी हाताकडे पाहिलं नाही, पायाकडेही नाही. मान वळवून त्यांनी दाराकडे पाहिलं, अण्णांकडे. अशी घाबरलेली नजर अण्णांनी जन्मात कुणाची पाहिली नव्हती. ती पडायची भीती नव्हती. ती त्यांच्यासाठी होती.

अण्णा उठले. काठी खुर्चीला टेकलेली राहिली. वरची दांडी धरून ते एक पायरी उतरले, मग दुसरी, ज्या पायऱ्या एकट्यानं उतरायची त्यांना सक्त मनाई होती. हिरवे तुकडे त्यांच्या चपलेखाली कुरकुरले. त्यांनी दुसरा हात लांबवून सळीवरच्या त्या मुठीवर ठेवला. मनगटावर रक्ताची एक बारीक रेघ आली होती.

"काकण वाढलं वं," कस्तुरक्का म्हणाल्या. आवाज पार बारीक झाला होता.

"फुटलं," अण्णा म्हणाले. "काकण फुटलं. आन् बघ माझ्याकडं. मी हाय. आन् तू हुबी हायस."

कस्तुरक्का बघत राहिल्या. अण्णांच्या कपाळापासून पायापर्यंत बघून घेतलं त्यांनी, बाजारात एखादी वस्तू निरखावी तसं, कुठं काही कमी झालंय का. अण्णांनी त्यांना बघू दिलं. समोरच्या दारातून हेमलता धावत बाहेर आल्या आणि अक्का पडल्या का, असं त्यांनी कानडीत मोठ्यानं विचारलं. कस्तुरक्कांनी अण्णांवरची नजर न काढताच उत्तर दिलं, नाही, पडले नाही, धरलं.

मूठ मात्र अजून सुटत नव्हती. अण्णांनी सोडवायची घाई केली नाही. आपला हात त्यांनी तिच्यावर तसाच ठेवला, आणि ती आपली आपण सैल होईपर्यंत दोघं त्या ओल्या पायरीवर उभी राहिली.